क्यूबन की बिगर-क्यूबन: सिगार ओढणाऱ्याची आवड नेमकी कशामुळे सरकते

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा वर्षे आपण बहुतांशी निकाराग्वाचे सिगार आवडीने ओढलेत. दीड वर्षापूर्वी क्यूबन सिगार सुरू केलेत, तेव्हा ते पहिले दोन-तीन महिने फिके वाटले, आणि आता मात्र निकाराग्वाचा सिगार अर्ध्यावरच ठेवून द्यावासा वाटतो. जीभ तयार झाली म्हणून हे घडले का, ही आवड पुन्हा फिरेल का, आणि ह्युमिडॉरमध्ये (ओलावा राखणाऱ्या सिगारच्या पेटीत) पडून असलेल्या निकाराग्वाच्या चार बॉक्सचे काय करावे, असे आपण विचारले आहे.

सिगार निवडून देणे, साठवणे आणि बँड (नावाची कागदी पट्टी) काढून त्यांची चव तपासणे हे काम मी बावीस वर्षे करत आलो आहे. त्या अनुभवावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. बिगर-क्यूबनकडून क्यूबनकडे जाणे ही चढण आहे आणि वरच्या पायरीवर पोचलेला माणूस खाली उतरत नाही, ही समजूत फार पसरलेली आहे, पण मी पाहिलेल्या माणसांच्या बाबतीत ती टिकत नाही. माणूस ज्या सिगारांवर वाढतो त्यांचे माप त्याच्या तोंडात बसते, आणि पुढचा प्रत्येक सिगार तो त्या मापाने मोजतो. आवड बदलली असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा हे मापच बदललेले असते. ते दोन्ही दिशांनी बदलते, आणि कोणत्या दिशेने बदलेल हे सुरुवात कुठून झाली यावर बरेच अवलंबून असते.

ही सुरुवात देशोदेशी वेगळी होण्यामागे इतिहास आहे. क्यूबात सप्टेंबर 1960 मध्ये सिगारचे कारखाने सरकारने ताब्यात घेतले आणि फेब्रुवारी 1962 मध्ये अमेरिकेने क्यूबाच्या मालावर बंदी घातली. कारखाने गमावलेली अनेक कुटुंबे, पाने निवडणारे, आंबवणारे आणि वळणारे कारागीर देश सोडून गेले आणि डोमिनिकन प्रजासत्ताक, होंडुरास व निकाराग्वा या देशांत त्यांनी नव्याने बस्तान बसवले. होसे ओर्लांदो पाद्रोन यांनी 1964 मध्ये मायामीत छोटा कारखाना काढला आणि 1970 मध्ये निकाराग्वातील एस्तेली येथे काम सुरू केले, हे त्यातले सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. त्यामुळे गेल्या काही दशकांत अमेरिकेत सिगार ओढू लागलेल्या माणसाची सुरुवात बहुधा डोमिनिकन पानाच्या, कनेटिकट शेड रॅपरच्या (सावलीत वाढवलेल्या फिकट वेष्टन-पानाच्या) सौम्य सिगारने होते, तेथून तो निकाराग्वाच्या कडक सिगारांकडे जातो आणि क्यूबन सिगार त्याला प्रवासात, उशिरा आणि भरपूर ऐकून झाल्यावर मिळतो. अमेरिकी प्रवाशांना 2014 च्या अखेरीस थोडी सूट जाहीर झाली, 2016 मध्ये ती वाढली आणि सप्टेंबर 2020 मध्ये ती पुन्हा काढून घेण्यात आली, त्यामुळे निषिद्ध वस्तूभोवतीचे वलय तिथे कधी पूर्ण विरलेच नाही. ब्रिटन, स्पेन, स्वित्झर्लंड येथील ओढणाऱ्याची गोष्ट उलटी आहे. त्याच्यासाठी सिगार म्हणजे क्यूबनच होता, आणि बाकीचे देश त्याला अलीकडे भेटले.

ही उलटी वाट गेल्या काही वर्षांत फार वर्दळीची झाली आहे. कोहिबा आणि त्रिनिदाद या क्यूबन मार्क्यांच्या किमती 2022 मध्ये जगभर हाँगकाँगच्या पातळीवर नेण्यात आल्या आणि अनेक बाजारांत त्या एका झटक्यात कितीतरी वाढल्या. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस इयन चक्रीवादळाने क्यूबातील पिनार देल रियो प्रांतातील तंबाखूची पाने सुकवण्याची हजारो घरे जमीनदोस्त केली. माल मिळेना, मिळाला तर परवडेना, तेव्हा आयुष्यभर क्यूबन ओढणारे लोक एस्तेलीचे आणि डोमिनिकन प्रजासत्ताकातील सांतियागोचे सिगार विकत घेऊ लागले. सुरुवातीला त्यांची तक्रार अशी होती की हे सिगार फार जोरकस आहेत, धुरात मिरी आहे आणि नाजूकपणा नाही. वर्ष-दीड वर्षाने त्यांच्यातलेच काही जण सांगू लागले की जुना क्यूबन पेटवला आणि तो पातळ लागला. आपला अनुभव आणि त्यांचा अनुभव शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे पहिले काही महिने नवा सिगार चुकीचा वाटला आणि नंतर जुना चुकीचा वाटू लागला. सिगारांच्या गुणवत्तेने हे ठरत असते तर दोन्ही दिशांना एकच निकाल लागला असता.

आता पानाकडे वळू, कारण सवयीइतकाच पानातला फरकही खरा आहे. क्यूबन सिगारमध्ये बाहेरचे रॅपर, त्याखालचे बांधून धरणारे बाइंडर आणि आतले फिलर ही सर्व पाने क्यूबातलीच असतात, आणि नावाजलेल्या सिगारांची पाने मुख्यतः पिनार देल रियोतील व्हुएल्ता आबाहो या पट्ट्यातून येतात. तिथली लालसर, रेताड माती, समुद्राकडून येणारी दमट हवा आणि एकाच घराण्यातली बियाणी यांमुळे सर्व पानांत एक समान सूर राहतो. रोपाच्या खालच्या भागातले ‘व्होलादो’ पान सिगार जळत ठेवते, मधले ‘सेको’ सुगंध देते आणि वरचे, ऊन खाल्लेले ‘लिहेरो’ कडकपणा देते. मिश्रण करणाऱ्याच्या हातात मुख्यतः या तिघांचे प्रमाण असते, मातीची निवड फारशी नसते. निकाराग्वातली परिस्थिती याहून वेगळी आहे. एस्तेलीची काळी, जड, ज्वालामुखीजन्य जमीन दणकट आणि मिरमिरीत पान देते, हालापा खोऱ्यातले पान अधिक गोडसर आणि मऊ असते, आणि ओमेतेपे बेटावरचे पान पुन्हा वेगळेच. त्यावर रॅपर इक्वेडोरचा असू शकतो, जिथे ढगांची नैसर्गिक सावली पान पातळ आणि रेशमी ठेवते, किंवा मेक्सिकोतील सान आंद्रेसचा, कॅमेरूनचा, अथवा अमेरिकेतील कनेटिकट ब्रॉडलीफचा. म्हणजे बिगर-क्यूबन सिगारमध्ये अनेक आवाज एकत्र केलेले असतात आणि त्यांत ठळक विरोध असतो, तर क्यूबन सिगारमध्ये एकाच आवाजाचे चढ-उतार ऐकायचे असतात. ठळक विरोधाची सवय असलेल्या माणसाला चढ-उतार आधी ऐकूच येत नाहीत. आपल्याला पहिले दोन-तीन महिने क्यूबन फिका वाटला, त्याचे एक कारण हे आहे.

दुसरे कारण अधिक शारीरिक आहे आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. निकाराग्वाच्या सिगारमध्ये ज्याला आपण मिरीची चव म्हणतो, ती खऱ्या अर्थाने चव नाही. खारट, आंबट, गोड, कडू आणि उमामी एवढेच जीभ ओळखते, आणि सिगारमधले चामडे, देवदार, कोको, सुके गवत हे सर्व गंध आहेत, जे धूर घशामागून नाकात चढल्यावर कळतात. मिरमिर ही यांपैकी काहीच नाही. ती जळजळीची संवेदना आहे, आणि ती वेगळ्या नसेतून मेंदूकडे जाते. या संवेदनेची एक खोड अशी की ती वारंवार दिली की बोथट होते. तिखट खाणाऱ्याला रोजच्या सवयीने तिखट लागेनासे होते, तसेच हे. सहा वर्षे निकाराग्वाचे सिगार ओढणाऱ्या माणसाला त्यातली मिरमिर पार्श्वभूमीसारखी झालेली असते आणि त्या पार्श्वभूमीवर तो कोको, कॉफी, गोडवा वेचत असतो. ती मिरमिर अचानक काढून घेतली की त्याला काहीतरी हरवल्यासारखे वाटते आणि त्या रिकामेपणाला तो ‘फिकेपणा’ म्हणतो. काही महिने मिरमिरीपासून दूर राहिले की तोंड पुन्हा संवेदनशील होते, आणि मग जुना सिगार पेटवल्यावर आधी जळजळच समोर येते आणि तिच्यामागे दडलेले गंध पोचण्याआधीच माणूस कंटाळतो. आपण सिगार अर्ध्यावर ठेवता, तो मला वाटते नेमका इथे.

निकोटिनची गोष्टही याच्याच जवळची आहे. हवेवर सुकवलेल्या आणि आंबवलेल्या सिगारच्या पानात साखर फार कमी उरते, धूर अल्कधर्मी असतो आणि त्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच शोषले जाते, धूर छातीत घ्यावा लागत नाही. कडक सिगारची ओढ म्हणून लोक जे सांगतात, त्यातला मोठा भाग या मात्रेच्या सवयीचा असतो. कडकपणा आणि चवीचा भरीवपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला मला स्वतःला पाच-सहा वर्षे लागली. (ही मात्रा आणि हा धूर कोणत्याही देशाच्या सिगारमध्ये निरुपद्रवी नसतो, आणि क्यूबन सौम्य असतो म्हणून तो शरीराला मानवतो या समजुतीला काहीही आधार नाही.) एखादा सिगार आवडेनासा झाला तर मी विचारतो की तो सकाळी ओढला तर कसा लागतो आणि रात्री भरल्या पोटी कसा लागतो. दोन्ही वेळी नावड सारखीच असेल तर ती चवीची आहे. सकाळी नकोसा आणि रात्री बरा वाटत असेल तर तक्रार मात्रेची आहे.

एका बैठकीचे वर्णन करतो. आम्ही पाच जण होतो, सर्वांचा दहा वर्षांहून अधिक अनुभव. प्रत्येकापुढे तीन सिगार होते, तिन्ही रोबुस्टो या आखूड, जाडसर आकाराचे, बँड काढलेले, टोके आधीच कापलेली, आणि तिन्ही एकाच ह्युमिडॉरमध्ये चार महिने ठेवलेले. पहिला क्यूबन होता, पण जेमतेम सहा महिन्यांपूर्वी वळलेला. दुसरा डोमिनिकन, सात वर्षे मुरलेला. तिसरा निकाराग्वाचा, हालापाच्या पानावर भर असलेला. न पेटवता नुसता हवेचा झुरका घेतला तेव्हा पहिल्यात गोठ्यासारखा, किंचित उग्र वास आला आणि दोघांनी मान हलवली. पेटवल्यावर पहिल्या इंचात त्याचा धूर टाळूच्या मागे थोडा आंबूस आणि धातूसारखा लागला, राख करडी व ठिसूळ होती, आणि जळण्याची कड एका बाजूला पुढे पळत होती. दुसऱ्याचा धूर लोण्यासारखा मऊ होता, त्यात देवदार आणि शेवटी मधासारखी गोडी होती. पाचपैकी चौघांनी दुसऱ्याला क्यूबन ठरवले, आणि त्यांतले एक गृहस्थ असे होते की ज्यांनी वीस वर्षांत क्यूबनशिवाय क्वचितच काही ओढले होते. त्यांचे ज्ञान कमी होते असे मी मुळीच म्हणणार नाही. त्यांच्या मनातला क्यूबन म्हणजे त्यांच्या स्वतःच्या कपाटातला, आठ-दहा वर्षे मुरलेला क्यूबन होता. त्यांनी देश ओळखला नव्हता, वय ओळखले होते, आणि ते अचूक ओळखले होते.

त्या दिवसापासून मी वयाचा मुद्दा सर्वांत आधी काढतो. क्यूबाबाहेरचे मोठे उत्पादक पाने वळण्याआधी बराच काळ आंबवतात आणि गाठोड्यांत वर्षानुवर्षे ठेवतात, वळलेले सिगारही देवदाराच्या खोलीत काही महिने विसावतात, म्हणून तो सिगार बाजारात येतो तेव्हा पुष्कळसा तयार असतो. क्यूबन सिगार मात्र अनेकदा तरुणच हाती येतो. आंबवताना पानातील प्रथिने विघटित होऊन अमोनिया सुटतो, आणि तो पुरता निघून गेलेला नसेल तर धुरात तिखट, उग्र झाक राहते. क्यूबन बॉक्सच्या तळाशी कारखान्याचा सांकेतिक शिक्का आणि महिना-वर्ष छापलेले असते, ते पाहिल्याशिवाय मी कोणत्याही क्यूबन सिगारविषयी मत देत नाही. एकदा एका प्रसिद्ध मार्क्याचा बॉक्स घेतला आणि त्यातला एकेक सिगार ठरावीक अंतराने ओढून टिपणे ठेवली. तिसऱ्या महिन्यात तो चांगला, ताजा आणि गवतासारखा होता. नवव्या महिन्यात जवळजवळ मुका होता, आणि त्या वेळी मी हा बॉक्स कुणाला तरी देऊन टाकणार होतो. बाविसाव्या महिन्यात त्याच बॉक्समधून भाजलेल्या बदामाचा आणि ओल्या मातीचा असा काही गंध आला की मी उरलेल्या सिगारांना दोन वर्षे हात लावला नाही. मधल्या काळात माझी आवड बदलली नव्हती. त्या नवव्या महिन्यात मी निवाडा दिला असता, तर ‘क्यूबनची गोडी गेली’ असे पक्के लिहून मोकळा झालो असतो.

ओलाव्याचेही तसेच आहे, पण ते थोडक्यात सांगतो. निकाराग्वाचे तेलकट, जाड पान 68 ते 70 टक्के आर्द्रतेत सुखाने राहते. क्यूबन सिगार त्याच आर्द्रतेत ठेवला तर अनेकदा घट्ट होतो, नीट जळत नाही आणि त्याचा धूर दबतो. 62 ते 65 टक्क्यांवर तोच सिगार खुलतो. दोन्ही एकाच पेटीत ठेवून तुलना करणारा माणूस नकळत एकाच्या बाजूने कौल देत असतो. एकच पेटी असेल तर 65 टक्के ठेवावी. निकाराग्वाचे सिगार तेवढ्यात कुरकुरत नाहीत.

आकाराविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण आवड बदलल्याचा भास आकारामुळे फार वेळा होतो. सिगारची जाडी रिंग गेजमध्ये मोजतात आणि एक रिंग म्हणजे इंचाचा 64 वा भाग. परंपरेने क्यूबात बारीक आकार फार होते: मॉन्तेक्रिस्तो नंबर 4 हा 129 मिलिमीटर लांब आणि 42 रिंगचा आहे, आणि कोहिबा लान्सेरो 192 मिलिमीटर लांब असूनही केवळ 38 रिंगचा आहे. निकाराग्वाचे अनेक लोकप्रिय सिगार 54, 56, अगदी 60 रिंगचे असतात. आता हिशेब पाहा. 42 वरून 60 रिंगवर गेले की सिगारचा घेर साधारण 1.4 पट होतो, पण आतल्या पानांनी भरलेला काप जवळजवळ दुप्पट होतो. रॅपर घेराच्या प्रमाणात वाढते आणि फिलर कापाच्या प्रमाणात, म्हणून जाड सिगारमध्ये फिलर बोलतो आणि बारीक सिगारमध्ये रॅपर बोलतो. जाड निकाराग्वा सोडून बारीक क्यूबनकडे आलेला माणूस देशाबरोबर हे प्रमाणही बदलतो आणि सगळे श्रेय किंवा दोष देशाला देतो. आपण सांगितलेल्या सिगारांत निकाराग्वाचे बहुतेक 56 च्या पुढचे आहेत आणि क्यूबन बहुतेक 42 ते 46 मधले आहेत. निकाराग्वाचाच एखादा 38 किंवा 40 रिंगचा लान्सेरो मिळवून ओढून पाहा, असे मी आग्रहाने सांगेन. बारीक सिगार शांतपणे, मिनिटाला एकच झुरका घेत ओढावा लागतो, नाहीतर तो तापतो आणि कडवट होतो. पण नीट ओढला तर एस्तेलीच्या पानातही किती हळुवारपणा आहे हे कळते.

आणखी एक गोष्ट अशी की ज्या दोन वस्तूंमध्ये आपण तुलना करतो, त्या दोन्ही एका जागी उभ्या नाहीत. क्यूबाचे गाजलेले जुने ‘कोरोहो’ बियाणे निळी बुरशी आणि इतर रोगांपुढे टिकेना, म्हणून 1990 च्या दशकाच्या अखेरीस त्याची जागा संकरित वाणांनी घेतली. त्याच सुमारास जगभर सिगारची मागणी उसळली होती, उत्पादन घाईने वाढवले गेले, आणि त्यानंतरच्या काही वर्षांतले कितीतरी क्यूबन सिगार इतके घट्ट वळलेले होते की झुरका घेताना गाल दुखत. आज पन्नाशी-साठीत असलेले अनेक जण त्या काळात क्यूबनपासून दुरावले आणि त्यांचे मत तेव्हाच गोठले. दुसरीकडे निकाराग्वात 1979 ची क्रांती, त्यानंतरचे युद्ध आणि 1985 ते 1990 चा अमेरिकी व्यापारबंदीचा काळ यांनी शेती मोडून पडली होती, आणि आज आपल्याला जी दर्जेदार पाने सहज मिळतात ती मुख्यतः त्यानंतरच्या मेहनतीची आहेत. डोमिनिकन भूमीत चांगले रॅपर होणारच नाही असे जाणकार म्हणत असत, आणि सिगार बनवणाऱ्या फुएंते कुटुंबाने 1995 मध्ये डोमिनिकन रॅपरचा ओपस एक्स हा सिगार बाजारात आणून ते मत खोडून काढले. दाविदोफ या मार्क्याने क्यूबा सोडून 1990 च्या सुमारास डोमिनिकन पानावर आपली सगळी शैली नव्याने बांधली. म्हणून ‘मी पूर्वी क्यूबन ओढायचो आणि मला ते आवडत नसत’ असे कुणी सांगितले की मी वर्ष विचारतो. नावांच्या बाबतीतही सावध राहावे लागते. मॉन्तेक्रिस्तो, पार्तागास, रोमिओ इ हुलिएता, कोहिबा ही नावे क्यूबातही आहेत आणि क्यूबाबाहेरच्या कंपन्यांकडेही आहेत, आणि नाव एक असले तरी त्या दोन सिगारांत पानाचा काहीही संबंध नसतो.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आवड पुन्हा फिरेल का? माझ्या पाहण्यातले बहुतेक लोक दोन ते चार वर्षांत अर्धेअधिक परत आले, पण ज्या सिगारवरून गेले होते त्या सिगारकडे परत आले नाहीत. क्यूबनने त्यांना धूर नाकावाटे हलकेच सोडायला, हळू ओढायला आणि सिगारचा मधला तृतीयांश भाग ऐकायला शिकवले, आणि ही सवय घेऊन ते निकाराग्वाकडे आले तेव्हा त्यांना लिहेरोने ठासून भरलेल्या सिगारांऐवजी हालापाचे, कमी जाडीचे, मुरलेले सिगार आवडू लागले. काही जण मात्र क्यूबनवरच राहिले, आणि त्यातही काही चूक नाही. व्हुएल्ता आबाहोच्या पानात जी किंचित आंबटसर, मातकट झाक असते तिला दुसरीकडे तोड नाही, हे मीही मनापासून मानतो. फक्त ती झाक आवडणे हा परिपक्वतेचा दाखला मानू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि उलट बाजूने, किंमत वाढली म्हणून ‘क्यूबनमध्ये कधीच काही नव्हते’ असे म्हणणाऱ्यांशीही मी तितकाच असहमत आहे. मनाची समजूत घालण्यासाठी जिभेची साक्ष बदलू नये.

आपली नावड सवयीची आहे की खरी, हे पाहण्यासाठी एवढे करा. दहा-बारा दिवस कोणताही सिगार ओढू नका. नंतर दिवसातला पहिलाच सिगार म्हणून, हलके जेवण झाल्यावर दोन तासांनी, एक निकाराग्वाचा ओढा आणि तीन दिवसांनी त्याच वेळी एक क्यूबन. दोन्ही शक्य तितके एकाच जाडीचे असावेत, 65 टक्क्यांवर किमान दोन महिने ठेवलेले असावेत, आणि बँड दुसऱ्या कुणीतरी काढलेले असावेत. पहिल्या इंचावर काहीही मत बनवू नका. चार-पाच झुरक्यांमागे एकदा धुराचा थोडासा भाग नाकावाटे सोडा आणि त्या वेळी जळजळ वगळून जो गंध मागे राहतो तेवढाच लिहून ठेवा. दोन्ही कागद आठवडाभराने शेजारी ठेवून वाचा. जळजळीमागे लिहिण्यासारखे काही सापडले असेल तर तो सिगार आपल्यासाठी संपलेला नाही.

चार बॉक्सपैकी एकही आज विकू नका किंवा वाटून टाकू नका. ज्या दोन बॉक्समधल्या सिगारांवर मादुरो (गडद) रॅपर असल्याचे आपण लिहिले आहे ते वेगळे काढा, त्यांचे सेलोफेन तसेच राहू द्या, आणि त्यांच्यावर दोन वर्षांपुढची तारीख लिहून पेटीच्या तळाशी ठेवा. त्या पानाची धार काळ जितकी उतरवतो तितकी दुसरे काहीच उतरवत नाही. उरलेल्या दोनपैकी प्रत्येक बॉक्समधून दर चार महिन्यांनी एकच सिगार ओढा, तारखेसह एक ओळ लिहा आणि झाकण लावा. पहिल्या तीन ओळी बहुधा नाराजीच्या असतील. चौथी ओळ लिहिल्यावर मला पुन्हा विचारा, तोपर्यंत माझे मत तुमच्या त्या वहीपेक्षा कमी किमतीचे आहे.